अल्व्हर्बी स्टेशनचे वारस

मिस्टर पीझगुड शाळेच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा डॉर्कस स्टॅनिलँड दीडशे पोरांचं कस्टर्ड ढवळत होती. पीझगुड म्हणजे अल्व्हर्बीचे निवृत्त पोस्टमास्तर. पावसाळी कोट, सायकलच्या चिमट्यांनी घोट्याशी आवळलेली पँट आणि काखेत कागदांची पिशवी, असा त्यांचा कायमचा अवतार.

"मिसेस स्टॅनिलँड, हात मोकळा असेल तर दोन मिनिटं बोलायचं होतं."

"मोकळा दिसतोय का तुम्हाला?" डॉर्कस मान वर न करता म्हणाली. "तिथूनच बोला. आत चिखल आणू नका."

"थोडक्यात सांगतो. आपलं बंद पडलेलं स्टेशन आहे ना, ते अर्धं तुमचं आहे."

डॉर्कस हसली. पीझगुड हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला, चष्मा चढवला आणि दारातच उभे राहून वाचायला लागले. त्या दिवशी कस्टर्ड करपलं. अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच.

अल्व्हर्बीतून शेवटची गाडी एकोणीसशे चौसष्टच्या ऑक्टोबरात गेली. त्यानंतर दोन वर्षांनी रूळही उचलून नेले. उरली ती दगडी इमारत, दोन फलाट, पायऱ्यांचा लोखंडी पूल आणि बायकांची वेटिंग रूम. गाडी गेली त्या आठवड्यापासून पीझगुड स्टेशनचा इतिहास लिहीत होते. चार वर्षं झाली तरी पुस्तक काही बाहेर येत नव्हतं. पबमध्ये लोक म्हणायचे, पीझगुडचं पुस्तक येईपर्यंत रेल्वे परत सुरू होईल.

पण त्या पुस्तकापायीच ते लिंकन शहराच्या दप्तरखान्यात महिनाभर बसले होते, आणि तिथं त्यांना १८६३ सालचा दस्त सापडला होता. स्टेशन उभं आहे ते शेत मूळचं केझाया थर्लबी नावाच्या विधवेचं. रेल्वेवाले विकत मागत होते, ही देईना. शेवटी तिनं एक पैसा न घेता शेत दिलं, पण अट घातली. जोवर या जागी प्रवासी गाडी थांबते तोवर जागा रेल्वेची. गाडी थांबायची बंद झाली, की जागा आणि तीवर जे काही उभं असेल ते सगळं केझायाच्या औरस मुलांच्या वारसांना सारख्या वाट्यानं परत.

"केझायाला मुलं तीन," पीझगुड बोटांवर मोजत म्हणाले. "थोरला जोसाया. त्याच्या वंशात आज एकटे सेसिल रडकिन, ट्रॅक्टरवाले. मधली टॅबिथा, तिनं लग्न केलं नाही. आणि धाकटी मर्सी. ती बाप गेल्यावर पाच महिन्यांनी जन्मली. मर्सी तुमच्या आईची आई."

"मर्सी माझी आजी, हे मला ठाऊक आहे," डॉर्कस म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "बाकी वंशात मी एकटीच."

"रडकिनना तिथं ट्रॅक्टर विकायची शेड बांधायचीय. सगळं पाडून. पण तुमची सही मिळाल्याशिवाय त्यांना एक वीट हलवता येणार नाही." पीझगुडांचे ओले डोळे चमकत होते. "तुम्ही नुसतं 'नाही' म्हणायचं. स्टेशन वाचलं!"

*

संध्याकाळी तिचा नवरा वॉल्ट साखर कारखान्यातून घरी आला तो गल्लीतूनच ओरडत. बातमी त्याच्या आधी कारखान्यात पोचली होती.

"स्टेशनमास्तरीणबाई! लिंकनची गाडी किती वाजता?"

"बूट बाहेर काढा."

"अर्ध्या फलाटावर काढू की पूर्ण?"

डॉर्कस हसली नाही. तिनं त्याच्यापुढं मटण-बटाट्याचं ताट आदळलं आणि खिडकी पुसायला घेतली. खिडकी सकाळीच पुसलेली होती. वॉल्टनं दोन घास खाल्ले, तिच्या पाठीकडं पाहिलं आणि चेष्टा आवरती घेतली. तीस वर्षांच्या संसारात तेवढं त्याला कळत होतं.

तिला काय होतंय हे त्याला कळायचं कारण नव्हतं. कपाटाच्या तळाशी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एक पत्र होतं, आणि ते तिनं वॉल्टला कधी दाखवलं नव्हतं. मर्सी आजीनं मरण्याआधी एका दुपारी ते तिच्या हातात दिलं होतं. "वाच आणि ठेवून दे," एवढंच म्हणाली होती. पत्र टॅबिथाचं होतं, आणि मर्सीला ते टॅबिथाला पुरून आल्यावर तिच्या उशीखाली मिळालं होतं.

डॉर्कसला त्यातला शब्दन् शब्द पाठ होता.

'मर्सी, मी तुझी बहीण नाही. तू डिसेंबरात बर्फ पडत असताना माझ्या पोटी जन्मलीस. तेव्हा मी अठरा वर्षांची होते. रुळांसाठी टेकडी फोडायला जी माणसं आली होती त्यांतला एक तुझा बाप. नाव मायकेल. आडनावं त्यानं मला दोन वेळा दोन सांगितली. आमचे वडील त्याच उन्हाळ्यात गेले होते, म्हणून आईला तुला स्वतःची म्हणून चर्चच्या वहीत लिहिता आलं. तिनं तुला नाव दिलं. मी तिला दोष देत नाही. पण तू 'ताई' म्हणून हाक मारलीस की ओ देण्याआधी मी जराशी थांबायचे. तुम्हा सगळ्यांना वाटायचं, टॅबीला कमी ऐकू येतं.'

"साठीला टेकले तेव्हा मला कळलं," आजी त्या दुपारी म्हणाली होती. "आणि हाक मारायला माणूसच उरलं नव्हतं गं."

*

दस्ताची बातमी पसरल्यापासून डॉर्कसचा पाय घरात ठरेना. शाळा सुटली की ती सरळ घरी न येता स्टेशनकडं वळायची. फलाटाच्या फरशांमधून एल्डरची झुडपं वर आली होती. घड्याळाच्या जागी भिंतीवर गोल पांढरा डाग उरला होता. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायची, परत यायची, पुन्हा जायची. बसावंसं वाटायचं नाही.

बायकांच्या वेटिंग रूमच्या दाराला कुलूप नव्हतं. टॅबिथानं या खोलीत पंचेचाळीस वर्षं काढली होती. शेत देताना केझायानं रेल्वेच्या साहेबाला तोंडी सांगितलं होतं म्हणे, की माझ्या मुलीला इथं काम द्या. शेगडी पेटती ठेवायची, गरम पाणी द्यायचं, बाळंतिणींना आडोसा करायचा, तुटलेल्या बटणांना सुईदोरा द्यायचा. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या गाड्या इथं पाणी भरायला थांबायच्या. तेव्हा ती सत्तरी ओलांडलेली म्हातारी काम सोडून पाच-सात वर्षं झालेली असतानाही किटली घेऊन फलाटावर जायची. हे पीझगुडांना कळलेलं होतं. त्यांच्या पुस्तकात ते होतं.

त्यांना कळलं नव्हतं ते एवढंच, की मर्सी रोज सकाळी आठच्या गाडीनं शिवणकामाला जायची आणि सहाच्या गाडीनं परत यायची, आणि टॅबिथा दोन्ही वेळा शेगडी सोडून दारात येऊन उभी राहायची. डॉर्कसलाही हे आजीनंच सांगितलेलं. "मला वाटायचं, वारा खायला येते."

गावातल्या बायका आता डॉर्कसला वाटेत थांबवायला लागल्या. रेल्वेच्या बदली जी बस सुरू झाली होती ती अजून स्टेशनच्या अंगणातच थांबायची, आणि बसची वाट पाहणाऱ्या बायका पाऊस आला की याच इमारतीच्या छपराखाली उभ्या राहायच्या.

"डॉर्कस, सही करू नकोस हं त्या रडकिनला!"

"तू आहेस म्हणून बरं बाई. नाहीतर आम्ही कुठं उभं राहायचं, त्याच्या ट्रॅक्टरखाली?"

ती मान हलवायची आणि पुढं चालू लागायची. आयुष्यात कधी कुणी तिच्याशी इतकं गोड बोललं नव्हतं. कसाई तिला बरं मटण काढून द्यायला लागला होता. या सगळ्यानं तिला कपडे अंगाला घट्ट झाल्यासारखं व्हायचं.

एकदा रडकिन स्वतः आला. हिरव्या गाडीतून उतरला, टोपी काढली. साठीचा, लालबुंद चेहऱ्याचा, मोठ्या आवाजाचा माणूस.

"काय हो मिसेस स्टॅनिलँड, आपण नातेवाईक निघालो की! कितव्या तरी पिढीतले भाऊबहीण."

"असं म्हणतात."

"मग बहिणीनं भावाचं ऐकावं. मी तुमचा वाटा घेतो, रास्त बोलू. या दगडांचं तुम्ही करणार काय? छप्पर गळतंय, पूल गंजलाय. उद्या एखादं पोर पडलं तर जबाबदार कोण? तुम्ही आणि मी!"

"मला विचार करू द्या."

"करा ना. पण वसंत ऋतूच्या आत करा. मला पेरणीआधी दुकान उघडायचंय." तो गाडीत बसता बसता थांबला. "तुम्हाला नक्की काय हवंय, तेवढं सांगा. मी वाईट माणूस नाही हो."

तो वाईट माणूस नव्हता, हीच अडचण होती. आणि आपल्याला नक्की काय हवंय हे डॉर्कसलाही सांगता येत नव्हतं. ती खोली तशीच राहावी, एवढं हवं होतं. पण त्यासाठी काही करायचं नव्हतं, फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहायची तर तिला तीस वर्षांची सवय होती. मग हात का थांबत नव्हते? चकाकणारी भांडी ती पुन्हा का घासत होती?

*

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पीझगुड चहाला आले. टंकलिखित पानांचा गठ्ठा त्यांनी टेबलावर ठेवला. वॉल्ट बागेत कोबी काढत होता.

"तुमच्या घराण्याचं प्रकरण," ते अभिमानानं म्हणाले. "टॅबिथाबाईंना मी मुद्दाम एक पूर्ण परिच्छेद दिलाय. ऐका. 'टॅबिथा थर्लबी ही केझायाची ज्येष्ठ कन्या. अविवाहित व निपुत्रिक राहून तिनं आपलं अवघं आयुष्य स्टेशनच्या सेवेत...'"

"तो शब्द काढा."

"कुठला?"

"निपुत्रिक."

पीझगुडांनी चष्म्यावरून पाहिलं. "का? चुकीचा आहे?"

डॉर्कस उठली. चहाची किटली उचलली, परत ठेवली. मग माडीवर गेली आणि डबा घेऊन खाली आली. आपण असं का करतोय हे तिला त्या घटकेला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पीझगुडांनी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी ते अगदी जपून, जुन्याच घड्यांवर दुमडलं आणि तिच्याकडं सरकवलं.

"हे तुम्ही मला दाखवायला नको होतं."

"का?"

"दस्तात 'औरस' शब्द आहे, मिसेस स्टॅनिलँड. मर्सी केझायाची मुलगी नसेल, टॅबिथाची लग्नाआधीची मुलगी असेल, तर त्या काळच्या कायद्यानं तिचा हक्क शून्य. म्हणजे तुमचाही. सगळं स्टेशन रडकिनचं." त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. "मी हे वाचलं नाही. तुम्ही दाखवलं नाही. आणखी एक कप चहा मिळेल का?"

डॉर्कस त्यांच्याकडं पाहतच राहिली. हा माणूस चौसष्टच्या शेवटच्या गाडीचं इंजिन कुठल्या क्रमांकाचं होतं यावरून पबमध्ये हातघाईवर आला होता. चर्चच्या पत्रिकेत एक तारीख चुकली म्हणून पाद्र्याला तीन पानी पत्र लिहिणारा हाच.

"चार वर्षं गावाला खरं काय नि खोटं काय ते शिकवताय तुम्ही," ती म्हणाली. "आणि आता?"

"आता इमारतीचा प्रश्न आहे!" पीझगुडांचा आवाज चढला. "ती पाडली की गेली. पुन्हा कुणी बांधणार नाही. पत्राला काय होतंय? तीस वर्षं डब्यात राहिलं, आणखी पन्नास राहील. तोवर आपण दोघंही नसू, मग छापू दे कुणालाही. टॅबिथाबाईंनी स्वतः कुणाला सांगितलं नाही. त्यांची इच्छा मोडणाऱ्या तुम्ही कोण?"

"तिनं सांगितलं नाही? मग हे काय लिहिलंय?"

"मर्सीला सांगितलं. गावाला नव्हे."

पीझगुड दुसरा चहा न घेताच निघाले. दारात वळून म्हणाले, "पंधरा तारखेला लिंकनला वकिलाकडं यायचंय. एक प्रतिज्ञापत्र आहे, फक्त सही. तुमची आजी केझायाची औरस मुलगी होती, एवढंच. चर्चच्या वहीत तेच लिहिलंय. तुम्ही काही नवीन खोटं बोलत नाही."

वॉल्ट कोबी घेऊन आत आला तेव्हा ती उभ्यानंच रडत होती. तिनं पत्र त्याच्या मातकट हातात दिलं. त्यानं ते सावकाश वाचलं.

"तीस वर्षं," तो म्हणाला. "आणि मला वाटायचं त्या डब्यात तू माझ्यापासून बिस्किटं लपवतेस."

"चेष्टा नका करू हो. काय करू मी, सांगा."

"ते नाही सांगणार मी."

"का पण?"

"सही कर म्हटलं तर म्हातारपणी म्हणशील, तुम्ही माझ्याकडून खोटी शपथ घेववलीत. नको करू म्हटलं तर म्हणशील, तुमच्यापायी स्टेशन गेलं." त्यानं कोबी सिंकमध्ये ठेवला. "दोन्ही मला झेपणार नाहीत. पण एक सांगतो. गेला महिनाभर तू या घरात एकदाही खुर्चीला पाठ टेकून बसलेली नाहीस. मी बघतोय."

*

पंधरा तारखेला तिनं चर्चला जायचा कोट घातला आणि सकाळच्या बसनं पीझगुडांबरोबर लिंकनला गेली. वाटेत दोघं हवेबद्दल बोलले. वकिलाची कचेरी दोन जिने चढून होती, आणि तिथं गॅसची शेगडी इतकी पेटवलेली की जीव गुदमरावा. रडकिन आधीच येऊन बसला होता. त्यानं उठून तिला खुर्ची दिली.

वकील तरुण होता, सभ्य होता. त्यानं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. मग बायबल पुढं सरकवलं.

"यावर हात ठेवून म्हणायचं, मिसेस स्टॅनिलँड, की यातलं सगळं तुमच्या माहितीप्रमाणं खरं आहे. मग इथं सही."

माहितीप्रमाणं. ती त्या शब्दाशी अडली. वकिलानं मुद्दाम म्हटला नव्हता; रोज दहा लोकांपुढं म्हणत असेल. बसमध्ये तिचं जवळजवळ ठरलं होतं, की सही करायची. पावसात छपराखाली उभ्या राहणाऱ्या बायका तिनं डोळ्यांपुढं आणल्या होत्या, आणि त्यानं तिला बळ आलं होतं. तिनं उजवा हात उचलला. आणि तिच्या मनात आलं, की आता आपण 'हो' म्हणायच्या आधी जरासं थांबलो आहोत, आणि ही माणसं समजतायत की आपल्याला ऐकू आलं नाही.

"पुन्हा वाचू का?" वकील मोठ्यानं म्हणाला.

"नको. मी उभं राहून बोलले तर चालेल का?"

ती उभी राहिली आणि बोलली. पत्र तिनं बरोबर आणलं नव्हतं, पण ते तिला पाठ होतं. मायकेलची दोन आडनावंसुद्धा तिनं सोडली नाहीत. पीझगुडांनी मध्येच डोळे मिटून घेतले. वकिलानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. रडकिन कधी तिच्याकडं, कधी स्वतःच्या बुटांकडं बघत होता.

"म्हणजे टॅबिथा माझी पणजी," ती शेवटी म्हणाली. "आणि माझी आजी औरस नव्हती. तेव्हा माझा काही हक्क नाही. ही लेखणी घ्या परत."

वकिलानं लेखणी उचलून बाजूला ठेवली.

"तुम्ही हे सांगितलं नसतं तर आम्हाला कळलं नसतं," वकील म्हणाला. सल्ला द्यावा तसा नव्हे, नुसतं आश्चर्यानं.

"मला कळलेलं होतं," डॉर्कस म्हणाली.

परतीच्या बसमध्ये पीझगुड पुढच्या बाकावर एकटेच बसले. अल्व्हर्बीला उतरल्यावर त्यांनी सायकल घेतली आणि मागं न बघता निघून गेले.

*

गावानं तिला माफ केलं नाही, निदान त्या हिवाळ्यात तरी. कसाई पुन्हा हाडांचं मटण द्यायला लागला. बसच्या रांगेत ती आली की बायका बोलायच्या थांबायच्या, आणि मग एखादी जरा मोठ्यानंच म्हणायची, "काही लोकांना घरातली धुणी चौकात धुवायची हौस असते." आणखी कुणी म्हणालं, की रडकिननं तिला आतून काहीतरी दिलं असणार. ते ऐकून वॉल्ट पबमध्ये उठून उभा राहिला होता, त्याला मोठ्या मुश्किलीनं बसवावं लागलं.

तिला वाटलं होतं, खरं बोलून टाकलं की जीव निवांत होईल. तसं काही झालं नाही. उलट आता नवीनच प्रश्न पायांत घुटमळायला लागला, की हे केलं ते टॅबिथासाठी, की स्वतःची शपथ स्वच्छ राहावी म्हणून? ती अजूनही संध्याकाळी स्टेशनकडं जात होती. फलाटावर मात्र चढत नव्हती. आता ते दुसऱ्याचं होतं.

फेब्रुवारीत पाडकाम सुरू झालं. पहिल्या दिवशी पूल गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या स्वयंपाकघरापर्यंत धडधड ऐकू यायला लागली. डॉर्कसनं हातातला डाव खाली ठेवला आणि एप्रनवरच बाहेर पडली. ती पोचली तेव्हा बायकांच्या वेटिंग रूमची एक भिंत पडलेली होती. आतली शेगडी, तिच्यावरच्या हिरव्या फरशा, धुरानं काळी झालेली चिमणी, सगळं उघड्यावर आलं होतं. पाऊस आत पडत होता.

रडकिन मजुरांशी बोलत होता, तो तिच्याजवळ आला. त्यानं टोपी काढली, मग पाऊस लागला म्हणून परत घातली.

"मिसेस स्टॅनिलँड, एक विचारू? त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही. का केलंत हो तुम्ही? माझ्याविरुद्ध जिंकला होतात. मी घरी बायकोला सांगूनही टाकलं होतं, की शेड दुसरीकडं बघू."

"नका सांगू मला ते," ती म्हणाली.

"बरं. पण यातलं काही हवंय का? फरशा आहेत, दार आहे, शेगडी निघेल अख्खी. माणसं देतो पोचवायला."

"नको. घरात जागा नाही." मग ती जराशी थांबली. "एक सही हवीय तुमची."

रडकिन बुचकळ्यात पडला. तिनं सांगितलं. चर्चच्या आवारात टॅबिथाच्या थडग्याच्या दगडावर 'केझायाची मुलगी, जोसाया आणि मर्सी यांची प्रिय बहीण' असं कोरलेलं होतं. ते बदलायचं तर पाद्री म्हणत होता, की थर्लबींच्या दोन्ही शाखांची संमती पाहिजे. एक शाखा ती स्वतः. दुसरी रडकिन.

"पण तुम्ही तर शाखाच नाही ठरलात," रडकिन म्हणाला, आणि लगेच त्याचा चेहरा आणखी लाल झाला. "म्हणजे... कायद्यानं म्हणतोय मी."

"जमिनीला नाही ठरले. दगडाला चालते म्हणे."

रडकिन मोठ्यानं हसला, मग हसणं आवरलं. तिनं एप्रनच्या खिशातून कागद काढला. तो तिथं पंधरा दिवस पडून होता. रडकिननं तो हिरव्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला, पावसापासून वाचवायला वर स्वतःची टोपी धरली आणि सही केली.

पुस्तक एप्रिलमध्ये छापून झालं. पीझगुडांनी तिला एक प्रत टपालानं पाठवली. त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडं होतं, तरीही टपालानं. चिठ्ठी नव्हती. अठ्ठेचाळिसाव्या पानावर टॅबिथाचं पत्र होतं, वकिलाकडच्या नोंदीवरून उतरवलेलं, एकही शब्द न गाळता, आणि त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की हे पत्र प्रसिद्ध व्हावं की नाही याबद्दल लेखकाचं मत चुकलं होतं. डॉर्कसनं ते पान वॉल्टला वाचून दाखवलं.

"म्हाताऱ्यानं छापून माफी मागितली," वॉल्ट म्हणाला. "तोंडानं मागायला आणखी चार वर्षं लागतील."

मे महिन्यात गवंडी आला. त्यानं आधी दगडावर हात फिरवला, टकटक करून पाहिलं आणि मान हलवली.

"बहीण हा शब्द निघायचा नाही, बाई. खोल कोरलाय. काढायचा तर अख्खा दगड अर्धा इंच तासायला लागेल, मग केझाया पण जाईल आणि जोसाया पण."

"मग?"

"खाली जागा आहे एका ओळीची. तिथं घालू काय ते."

त्या एका ओळीवरूनही पाद्र्यानं आठवडाभर घोळ घातला होता. मर्सी म्हणजे दया. नुसतं 'मर्सीची आई' लिहिलं तर ते कॅथलिकांच्या प्रार्थनेतली दयेची माता असं वाचलं जाईल आणि लोकांना वाटेल आपण कॅथलिक झालो, असं त्याचं म्हणणं. शेवटी आडनाव घालायचं ठरलं. 'आणि मर्सी थर्लबीची आई.'

गवंडी गुडघ्यावर बसला आणि छिन्नी लावली. डॉर्कस त्याच्या पाठीशी उभी राहिली. मग डाव्या बाजूला गेली. मग उजव्या. मग पायवाटेनं फाटकापर्यंत जाऊन परत आली.

"बाई," गवंडी वर न बघता म्हणाला, "एका जागी उभ्या राहता का जरा? सावली हलते माझ्यापुढं. अक्षर चुकेल."

बरोबर आलेल्या वॉल्टनं तिचं कोपर धरून तिला भिंतीजवळच्या बाकाशी नेलं. ती बसली, पण कडेलाच, कोट आवळून धरून. चार वाजता आभाळ भरून आलं आणि थेंब पडायला लागले. खाली रस्त्यावर हलवलेल्या थांब्यावर बसची वाट बघणाऱ्या बायकांनी डोक्यावर पिशव्या धरल्या. त्यांतली एक बाळ कोटाखाली घेऊन झाडाकडं पळाली. डॉर्कसनं ते पाहिलं. ती उठली, स्वतःची छत्री घेतली आणि उताराला लागली.

"अगं, ओळ अर्धीच झालीय," वॉल्ट मागून म्हणाला.

"होऊ द्या," ती चालता चालता म्हणाली. "आलेच मी."